पाचशे रुपयांचा अर्ज

नो पार्किंगची पावती चुकीची आली तर पैसे भरून मोकळं व्हावं, की अर्ज करून ती रद्द करायला सांगावं? सुदुंबऱ्यातल्या एका घरात दीर-भावजयीमध्ये यावर बराच वेळ वाद झाला. मी तिथं होते. दोघांचंही म्हणणं लोकांपर्यंत जावं असं वाटलं, म्हणून त्यांच्या संमतीनं, नावं न देता लिहिते आहे.

भाऊजी पिकअप चालवतात. चाकणच्या कारखान्यांचा माल हे त्यांचं मुख्य भाडं. मधल्या वेळात गावातल्या शेतकऱ्यांचा इंद्रायणी तांदूळ दुकानांना पोचवतात. वहिनी वडगाव मावळला कोर्टाबाहेर बसून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. पावतीची हकिकत अशी. हायवेलगतच्या एका बाजारपेठेत भाऊजींनी दुकानासमोर गाडी लावली, तांदळाची पोती उतरवली आणि निघाले. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला : नो पार्किंग, पाचशे रुपये. लिंक उघडली तर फोटोत मागची नंबरप्लेट, खाली सोडलेला फाळका आणि अर्धं बाहेर ओढलेलं एक पोतं. बोर्ड कुठंच नाही. बोर्ड त्या रस्त्यावर होता, पण त्याच खांबाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता आणि बोर्ड त्यामागं पूर्ण झाकला गेला होता. पुढच्या खेपेला दुकानदारानं हे दाखवलं तेव्हा भाऊजींनी तिथं उभं राहून फोटो काढला.

भाऊजी : मी भरून टाकतो, वहिनी. पाचशेत मिटतंय. अर्जाच्या मागं लागलो तर एक खेप बुडेल, आणि एका खेपेचं नुकसान पाचशेपेक्षा जास्त आहे.

वहिनी : खेप बुडेल हे खरं. पण भरलं की काय होतं ते ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली पोलिस जे पैसे घेतात ते तडजोडीचे असतात. तुम्ही चुकलात की नाही हे तोपर्यंत कुणी तपासलेलं नसतं, आणि पैसे भरले की तपासायची वेळही येत नाही. प्रकरण मिटतं, नोंद मात्र गाडीच्या नंबरवर राहते. पूर्वी नो पार्किंगला दोनशे होते. २०१९ ला केंद्रानं कायदा बदलला, महाराष्ट्रानं तो डिसेंबर २०२१ पासून लावला, तेव्हापासून पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा सापडलात तर दीड हजार. तुमची गाडी रोज रस्त्यावर. आज न केलेल्या चुकीचे पाचशे भरलेत, तर उद्या खरंच कुठं चुकलात की थेट दीड हजार समोर येतील.

भाऊजी : आणि नाही भरले तर? पासिंगच्या वेळी अडवतील, गाडी विकायला गेलो तर अडवतील. आमच्यातल्या कितीजणांना हीच धास्ती असते. एकेका गाडीवर चार-चार पावत्या पडून असतात आणि माणूस रात्री मोबाइलवर त्याच बघत बसतो.

वहिनी : म्हणूनच गप्प बसू नका म्हणते. न भरता गप्प बसणं वेगळं आणि न भरता लेखी हरकत घेणं वेगळं. हरकत घेतलीत की तुमचं म्हणणं कागदावर येतं, त्याला पोच मिळते, आणि पुढं कुणी विचारलं तर हातात काहीतरी असतं.

ही पावती आरोप आहे, निकाल नाही, हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत असतं. मेसेजची भाषाही तसं कळू देत नाही. रक्कम समोर दिसते आणि पैसे भरायचं बटण बोटाखाली असतं. तक्रार नोंदवायची सोय महाट्रॅफिक ॲपवर आणि ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर आहे, पण तिथवर जाईपर्यंत बहुतेकांचा धीर संपतो. भरणं इतकं सोपं आणि नाकारणं इतकं अवघड ठेवलं की निर्दोष माणूसही भरतोच. मला हा अन्याय वाटतो, आणि रक्कम लहान आहे म्हणून तो लहान ठरत नाही. महिन्याला पंधरा-वीस हजारात घर चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या दृष्टीनं पाचशे रुपये म्हणजे मुलीच्या बसचा पास असतो.

भाऊजींचा पुढचा मुद्दा मात्र मला अनपेक्षित होता.

भाऊजी : वहिनी, एक सांगू? मला पोलिसांचा राग नाही. या रस्त्यावर गाड्या कशाही लावतात हे मी रोज बघतो. तळेगाव-चाकण रस्त्याला कंटेनर एका बाजूला उभे, समोरून मोटारसायकलवाला येतो आणि त्याला कडेला जायला जागा नसते. संताजी महाराजांच्या पुण्यतिथीला आपल्याच गावात बघा. लोक समाधीच्या दर्शनाला येतात आणि गाडी जिथं थांबली तिथंच सोडून जातात. आणि एनडीआरएफची पाचवी बटालियन कुठं आहे? आपल्या गावात. कुंडमळ्याचा पूल पडला तेव्हाचं आठवा.

वहिनी : १५ जून २०२५. रविवार होता.

भाऊजी : इंद्रायणीला पाणी, पुलावर पर्यटकांची गर्दी, चार माणसं गेली. असं काही झालं की एनडीआरएफच्या गाड्या याच रस्त्यांनी निघतात. रस्त्यात कुणी गाडी लावून वडापाव खात बसला असेल तर? त्याला पावती फाडायलाच पाहिजे. आता प्रत्येकजण तुमच्यासारखा अर्ज घेऊन उभा राहिला तर पोलिस म्हणतील, कशाला नादी लागा. मग रस्ता मोकळा कोण ठेवणार?

वहिनी : बरोबर आहे तुमचं. पण त्या वडापाववाल्याला पावती मिळाली तर तो म्हणतो, नशीब फुटकं. बोर्ड झाकलेला असताना तुम्हाला मिळाली तरी तुम्ही म्हणता, नशीब फुटकं. दोघांना सारखंच वाटतं. मग पावतीचा आणि चुकीचा संबंधच राहत नाही, आणि लोक नियम पाळायचं सोडून पोलिस कुठं उभे आहेत तेवढं बघतात. तुम्हीच सांगता ना, अमुक चौकात कॅमेरा आहे, तिथं जपून?

भाऊजी : सांगतो.

वहिनी : चुकीची पावती रद्द झाली तर खरी पावती भरायला लोक कुरकुरणार नाहीत. अर्जानं पोलिसांचं काम अडत नाही.

भाऊजींनी यावर लगेच होकार दिला नाही. ज्या रस्त्यावरून रोज जायचं, जिथला हवालदार रोज भेटतो, त्याच्याविरुद्ध कागद करायचा, ही अडचण पैशांपेक्षा मोठी होती. बऱ्याच वेळानं ती त्यांच्या तोंडून बाहेर आली.

भाऊजी : उद्या तोच माणूस मला थांबवेल. लाइट दाखवा, इन्शुरन्स दाखवा, प्रथमोपचाराची पेटी दाखवा. काहीतरी सापडतंच. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं ठीक असतं, त्यांची संघटना असते. मी एका गाडीचा मालक.

वहिनी : म्हणून अर्जात हवालदाराविषयी एक अक्षर लिहायचं नाही. मुद्दाम केलं नाही, त्रास दिला नाही, काही नाही. कोर्टाबाहेर बसून मी हे रोज बघते. लोक तावातावानं येतात आणि पहिल्या ओळीपासून शिव्याच सांगतात. मी त्या टाइप करत नाही. माणसावर लिहिलं की समोरचा माणूस वाचवायला बघतो. घटनेवर लिहिलं की त्याला घटनेचं उत्तर द्यावं लागतं. अर्ज वाहतूक शाखेच्या वरिष्ठांना, विषय चलान क्रमांक अमुक.

मग त्यांनी वही ओढली आणि मसुदा लिहायला घेतला. तो मी जवळून पाहिला. अशा अर्जाला मोठं कायद्याचं ज्ञान लागत नाही, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून तो इथं देते :

‘दिनांक अमुक रोजी अमुक वाजता माझ्या वाहनावर नो पार्किंगचे चलान करण्यात आले आहे. चलानासोबतच्या छायाचित्रात नो पार्किंगचा फलक दिसत नाही. सदर ठिकाणचा फलक जाहिरातीच्या फ्लेक्समागे पूर्णपणे झाकलेला होता. त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. वाहन माल उतरविण्यापुरते थांबलेले होते व त्यामुळे रहदारीस कोणताही अडथळा झालेला नव्हता. सबब सदर चलान रद्द करण्यात यावे, ही विनंती.’

भाऊजींनी मसुदा वाचला आणि शेवटून दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

भाऊजी : हे काढा.

वहिनी : का?

भाऊजी : अडथळा झाला होता. मागून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, थोडा थांबला, मग बाजूनं काढली. दोन पोती राहिली होती. मी म्हटलं उतरवूनच घेऊ.

वहिनी काही क्षण त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी ‘व त्यामुळे’पासून ‘नव्हता’पर्यंत रेघ मारली.

आणि भाऊजींचा ओढा पैसे भरण्याकडं होता त्याचं खरं कारण हेच, हे मला तेव्हा उमगलं. आपण अगदी शंभर टक्के निर्दोष नाही, मग कशाला भांडायचं, असं त्यांना आतून वाटत होतं. चुकीची पावती मुकाट्यानं भरणाऱ्या कितीतरी लोकांचं असंच असेल. एसटी थांबली हे त्यांना टोचत होतं आणि बोर्ड दिसत नव्हता हेही खरं होतं.

भाऊजी : मग आता काय राहिलं अर्जात?

वहिनी : सगळं राहिलं. कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कलम १२२ म्हणतं, गाडी धोक्याच्या जागी किंवा दुसऱ्याला अडथळा होईल अशी लावू नका. त्याला बोर्ड लागत नाही. वळणावर, चौकात, फुटपाथवर, दवाखान्याच्या दारात गाडी लावली तर बोर्ड नव्हता म्हणून सुटका नाही. त्या कारणानं पावती आली असती तर मी तुम्हाला भरा म्हणाले असते. पण तुम्हाला पावती आली आहे नो पार्किंगची. तिथं गाडी लावायला बंदी आहे असा कुणीतरी आदेश काढलेला असतो, आणि तो लोकांना कळावा म्हणून बोर्ड लावतात. कलम ११६ मध्ये बोर्ड लावायचं कारणच ते दिलं आहे, की घातलेली बंदी लोकांच्या नजरेस यावी. जो आरोप ठेवलाय त्याचंच उत्तर द्यायचं. नसलेल्या आरोपाचं उत्तर द्यायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही.

भाऊजी : फ्लेक्स मी लावला नाही, हे मान्य. पण पोलिसांनीही लावला नाही.

वहिनी : त्याच कलमात पुढं वाचा. रहदारीचं चिन्ह झाकणारी जाहिरात दिसली तर ती काढून टाकायचा अधिकार पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. म्हणजे असं होऊ शकतं हे १९८८ सालीच कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि ते कुणी बघायचं हेही त्यांनी लिहून ठेवलं. बोर्ड मोकळा ठेवायची जबाबदारी पोत्याखाली वाकलेल्या माणसाची नाही.

मला या वादातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. आपल्या प्रत्येक बाजारपेठेत, एसटी स्टँडजवळ, पुलाच्या तोंडाशी फ्लेक्सच्या मागं गेलेले बोर्ड आहेत. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. ज्यांचे फोटो त्यावर असतात त्यांना कुणी पावती पाठवत नाही, आणि त्यामागचा बोर्ड न दिसलेल्या ड्रायव्हरला मात्र फोटोसकट पाठवली जाते. हे उलटं व्हायला हवं. निदान फ्लेक्स उतरेपर्यंत त्या जागेची पावती होऊ नये.

भाऊजी : माझा फोटो नंतरचा आहे. त्या दिवशी फ्लेक्स नव्हता असं ते म्हणाले तर?

वहिनी : फ्लेक्सवर तारीख आहे का?

भाऊजींनी मोबाइल काढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. खालच्या कोपऱ्यात वाढदिवसाची तारीख छापलेली होती. ती पावतीच्या तारखेच्या आधीची होती.

वहिनी : मग झालं. पावतीच्या आधी वाढदिवस होऊन गेला आणि तुम्ही नंतर गेलात तेव्हाही फ्लेक्स तिथंच. मधल्या दिवशी तो कुणी काढून पुन्हा बांधला असेल, असं कोण म्हणेल? पण अर्जात फोटो ज्या दिवशी काढला तीच तारीख घालायची. आणि दुकानदाराकडून दोन ओळी लिहून घ्या, फ्लेक्स कधीपासून आहे त्याच्या.

भाऊजी : तो देईल. त्याच्या दुकानाचं नावही त्या फ्लेक्समागं गेलंय.

पुढचं बोलणं चलानासोबत आलेल्या फोटोवर आलं. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घातला. कॅमेऱ्यासारख्या उपकरणानं चलान करायचं असेल तर उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र असावं, चलानासोबत गाडीचा नंबर आणि गुन्हा दोन्ही दाखवणारा पुरावा असावा, दिवस-वेळ-ठिकाण असावं, आणि घटनेपासून १५ दिवसांत सूचना जावी, असं त्यात आहे. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून गाडी ओळखता येते, पण ती चुकीच्या जागी होती हे कळत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानच्या विरोधात संप पुकारला तेव्हा त्यांच्या तक्रारींत हीच एक होती. माल चढवता-उतरवताना उभ्या गाडीचा स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायचा आणि चलान सवडीनं करायचं, हे थांबवा असं ते म्हणत होते. त्याच महिन्यात राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयानं परिपत्रक काढून खासगी मोबाइल वापरायला मनाई केली.

भाऊजी : संपात मीही दोन दिवस गाडी उभी केली होती. परिपत्रक निघालं हे ऐकलं. पण परिपत्रक निघून माझी पावती आपोआप रद्द होते का?

वहिनी : नाही होत. मागावं लागतं. अर्ज फेटाळला तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून दोन कागद मागा : त्या रस्त्याच्या नो पार्किंगच्या आदेशाची प्रत, आणि तुमच्या चलानाचा मूळ फोटो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आदेशच नसेल तर विषय संपला.

भाऊजी : आणि लोकअदालत? सगळे म्हणतात, थांब, लोकअदालतीत कमी करून देतात.

वहिनी : २०२१ पासून लोकअदालतीत या पावत्या घेतात, खरं आहे. ज्याची चूक आहे आणि रक्कम जड जाते त्यानं जरूर जावं. पण लोकअदालतही तडजोडच आहे. तिथं तुम्ही बरोबर की चूक हे कुणी ठरवत नाही, आणि तिथं मान्य केलं की पुढं अपील नाही. निर्दोष माणसानं पाचशेचे अडीचशे करून घेऊन काय मिळवलं?

भाऊजी : अडीचशे मिळवले.

हे त्यांनी अगदी गंभीरपणं म्हटलं, आणि वहिनींना यावर पटकन उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. ज्याचा दिवस खेपांवर मोजला जातो त्याला तत्त्वासाठी तीन चकरा मारायला सांगणं, हा त्याच्यावर आणखी एक दंडच आहे. मॅजिस्ट्रेटपुढं जायची वाट कायद्यानं खुली आहे. पावती भरली नाही तर पोलिसांना आरोप तिथं न्यावा लागतो, आणि नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला सहा महिन्यांची मुदत आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण भाऊजींसारखा माणूस पाचशे रुपयांसाठी पिकअप दारात उभी करून कोर्टात तारखा करणार नाही, आणि त्यानं कराव्यात अशी अपेक्षाही मी करणार नाही.

इंग्लंडनं यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथं १९९१ च्या कायद्यानं पार्किंगचा बराचसा भाग फौजदारी कोर्टातून काढून पालिकांकडं दिला, लंडनपासून सुरुवात झाली. दंडाची नोटीस आली की २८ दिवसांची मुदत, १४ दिवसांत भरला तर निम्मा. हरकत घेतली आणि पालिकेनं ती फेटाळली, तर पालिकेच्या बाहेरचं स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. त्याला फी नाही, वकील लागत नाही, फोनवर किंवा व्हिडिओवर म्हणणं मांडता येतं. तिथं नेहमी विचारला जाणारा प्रश्न असतो, की ड्रायव्हरला कळेल असा बोर्ड होता का. आपल्याकडं तक्रार ज्या खात्याविरुद्ध, तेच खातं ती वाचतं. ज्यानं पावती केली त्याच्या कार्यालयाबाहेरच्या एखाद्या माणसानं अर्ज वाचावा आणि का मान्य, का अमान्य हे दोन ओळींत लिहावं, एवढं झालं तरी भाऊजींची खेप बुडणार नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीला हे काम देता येईल. मोबाइलवर चलान पाठवता येतं, तर मोबाइलवर सुनावणीही घेता यायला हवी.

वहिनी : अर्ज ॲपवरून पाठवू. त्यासाठी खेप बुडवायला नको. एक प्रत रजिस्टर पोस्टानं, ती मी वडगावहून टाकते. तुम्ही फक्त दुकानदाराचा कागद आणा. कोर्टात जायचं की नाही ते उत्तर आल्यावर बघू.

भाऊजी : आणि उत्तरच नाही आलं तर भरायचं?

वहिनी : उत्तर येईपर्यंत भरायचं नाही, एवढंच आज ठरवा.

भाऊजी : ठीक. पण मला आणखी एक वाक्य घालायचंय. तिथं आम्ही माल उतरवायचा कुठं? बोर्ड मोकळा झाला, फ्लेक्स निघाला, तरी पोती माझ्या डोक्यावरच आहेत. दुकान त्या रस्त्यावर, गिऱ्हाईक त्या रस्त्यावर, आणि गाडी लावायची जागा अर्ध्या किलोमीटरवर. चाकणलाही तेच. कंपनीच्या गेटवर आत घेत नाहीत, बाहेर थांबू देत नाहीत. माझं खरं गाऱ्हाणं हे आहे, वहिनी. पाचशे रुपये त्यातलं लहान आहे.

वहिनी : ते या अर्जात नको. या अर्जात एकच मागणं, चलान रद्द करा. दोन गोष्टी घातल्या की सोपी असेल तिला उत्तर देतात आणि दुसरी राहून जाते.

भाऊजी : मग ती मांडायचीच नाही?

वहिनी : वेगळा अर्ज करा. पिंपरी-चिंचवडचं पोलिस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला झालं तेव्हापासून हा औद्योगिक पट्टा त्यांच्याकडं आहे, आणि ते काय, पुण्याचे काय, रस्ता नो पार्किंग करायचा असला की आधी तात्पुरता आदेश काढतात आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. कलम ११७ मध्ये गाड्या थांबवायच्या जागा ठरवायची तरतूद आहे. बंदी घालणं आणि जागा देणं, दोन्ही एकाच कायद्यात लागून आहेत. तुम्ही कधी हरकत पाठवली आहे?

भाऊजी : पेपरात येतं ते. कोण वाचतं?

वहिनी : आता पाठवू. सांगा, काय मागायचं?

भाऊजी : सकाळी दुकानं उघडायच्या आधीचा एखादा तास. तेवढ्यात सगळ्यांचा माल उतरतो. त्या वेळी एसटीही कमी असतात. बोर्डवरच वेळ लिहायची, म्हणजे पोलिसांनाही कळेल आणि आम्हालाही. आणि लोडिंगच्या गाडीला पांढरे पट्टे मारून जागा.

वहिनींनी पान उलटलं आणि ‘विषय’ लिहून पुढं लिहिलं : ‘मालवाहू वाहनांकरिता सकाळी माल उतरविण्याची वेळ व जागा निश्चित करून मिळणेबाबत.’

वहिनी : हा तुमच्या एकट्याच्या नावानं नको. किती गाड्या येतात तिथं?

भाऊजी : आठ-दहा तरी.

वहिनी : सगळ्यांच्या सह्या घ्या. दुकानदारांच्याही घ्या, त्यांचाच माल आहे. आणि सहीखाली गाडीचा नंबर लिहायला लावा.

भाऊजी : एक-दोघं घाबरतील.

वहिनी : त्यांना आधी वाचून दाखवा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

भाऊजी : बघतो. परवा पहाटे तिकडची खेप आहेच, दुकानदाराचा कागद आणि सह्या एकदमच घेऊन येतो.